लाइम रीजिसमधलं घराणं शोधताना: चर्च, चॅपल आणि समुद्र

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण माझे पैसे आणि तीन आठवडे त्यात गेले. इंग्लंडमधल्या लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावात १८३७ नंतर जन्मलेलं माणूस जन्म-मृत्यूच्या सरकारी इंडेक्समध्ये, म्हणजे सूचीत, 'लाइम रीजिस' म्हणून सापडतच नाही, ते ॲक्समिन्स्टरखाली सापडतं. आणि ॲक्समिन्स्टर गाव आहे डेव्हन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी), लाइम आहे डॉर्सेटमध्ये. मी सर्चला 'डॉर्सेट' असा फिल्टर लावून बसले, त्याच नावाची आणि त्याच वयाची एक बाई दिसली, दाखला मागवला, आणि ती निघाली काउंटीच्या पार दुसऱ्या टोकाची, आपल्या घराण्याशी काही संबंध नसलेली.

माझं लग्न इथल्याच माणसाशी झालं. सासूबाईंचं आजोळ लाइमचं. मुलगी झाली तेव्हा त्या म्हणाल्या, हिच्या आईकडच्या पिढ्या तुला पाठ आहेत, आमच्याकडच्या मात्र कोणालाच माहीत नाहीत. ते मनात राहिलं. लहानपणी आमच्या सांगलीकडे हेळवी यायचे, बैल घेऊन, आणि चोपडी उघडून आजोबांच्या आजोबांपर्यंतची नावं वाचून दाखवायचे, तेव्हा सगळं घर गोळा व्हायचं. इथे चोपडी वाचून दाखवणारा कोणी येत नाही पण चोपड्या आहेत, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त आहेत. इंग्लंडमध्ये आता कितीतरी मराठी घरांत सून किंवा जावई इथले आहेत, म्हणून जे शिकले ते ओळीने लिहून काढतेय. उदाहरण लाइमचं आहे, पण समुद्रकाठच्या बहुतेक इंग्रजी गावांना हीच रीत लागू पडते.

गाव थोडक्यात. इंग्लिश चॅनेलच्या काठावर, डॉर्सेटच्या अगदी पश्चिम टोकाला. १२८४ साली पहिल्या एडवर्ड राजाने सनद दिली म्हणून नावात 'रीजिस', म्हणजे राजाचं. कॉब नावाचा वाकडा दगडी धक्का हे इथलं बंदर. सेंट मायकेलचं चर्च कड्याच्या जवळ आहे आणि हा किनारा सतत ढासळत असतो. पलीकडे लागूनच अपलाइम गाव आहे, चालत जाता येतं, पण ते डेव्हनमध्ये, म्हणजे काउंटी वेगळी, बिशप वेगळा, दफ्तर वेगळं. पॅरिश म्हणजे नुसतं चर्च नव्हे हे आधी डोक्यात घ्या. एका चर्चची हद्द ती पॅरिश, आणि त्या हद्दीतला बाप्तिस्मा, लग्न, दफन तर चर्चकडे होतंच पण गरिबांना मदत द्यायचं कामही कित्येक शतकं त्या पॅरिशकडेच होतं. त्यामुळे पॅरिशचं दफ्तर म्हणजे जवळजवळ अख्ख्या गावाचं दफ्तर.

सराव म्हणून मेरी ॲनिंग घ्या. समुद्राच्या कड्यांतून इक्थिओसॉरचे, म्हणजे समुद्रात राहणाऱ्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांचे, सांगाडे काढणारी ही बाई लाइमची, जन्म २१ मे १७९९, मृत्यू ९ मार्च १८४७. तिच्याबद्दल इतकं शोधून झालंय की आपली पद्धत बरोबर चालतेय का ते तिच्यावर ताडून बघता येतं. मी तसंच केलं, आणि जिथे जिथे तिच्या कुटुंबाने मला शिकवलं ते खाली सांगते.

घरापासून मागे चला

सुरुवात १७०० पासून करू नका. आज हयात असलेल्या सगळ्यात मोठ्या माणसापासून करा. सासूबाईंशी मी तीन दुपारी बसले, फोनवर रेकॉर्डिंग लावून, आणि फक्त चार गोष्टी विचारत राहिले, नाव काय, घरात हाक काय मारायचे, काम काय करायचे, कोणत्या चर्चला जायचे. हाक काय मारायचे हा प्रश्न सोडू नका कारण मेरीला मॉली किंवा पॉली म्हणतात, ॲनला नॅन्सी म्हणतात. मेरी ॲनिंगच्या आईचं नावही मेरीच, पण सगळे मॉली म्हणायचे. आणि कोणत्या चर्चला जायचे हा प्रश्न किती मोठा आहे ते पुढे कळेल.

फोटोंच्या मागची बाजू बघा, बायबलच्या पहिल्या पानावर कुटुंबाच्या तारखा लिहिलेल्या असतात ते बघा. प्रत्येक माहितीपुढे ती कुठून मिळाली ते लिहा. 'आजी म्हणाली' आणि 'दाखल्यावर आहे' यात फरक ठेवला नाही तर सहा महिन्यांनी आपणच गोंधळतो. हयात माणसांची माहिती ऑनलाइन वंशवृक्षाच्या झाडावर उघडी टाकू नका, हे पण पहिल्या दिवसापासून पाळा.

सरकारी नोंदी, १ जुलै १८३७ पासून

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ ला सुरू झाली. नोंदणीचे जिल्हे जुन्या काउंटीच्या सीमा न बघता, गरीब-मदतीच्या युनियनप्रमाणे, म्हणजे मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या गटांप्रमाणे पाडले, म्हणून लाइम ॲक्समिन्स्टरमध्ये गेलं. तुमचं गाव कोणत्या नोंदणी जिल्ह्यात होतं हे आधी काढा, मगच सर्च करा. हे 'यूकेबीएमडी'च्या साइटवर गावाच्या नावाने सापडतं.

फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी टाइप केलेली फुकट सूची आहे, लग्नांसाठी तीच उघडा. जन्म-मृत्यूसाठी मात्र सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसची स्वतःची ऑनलाइन सूची वापरा, कारण तिच्यात पार १८३७ पासून बाळाच्या आईचं माहेरचं आडनाव दिलंय आणि मृत्यूच्या वेळचं वय पण. जुन्या छापील सूचीत आईचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून आणि वय १८६६ पासूनच यायचं. हा फरक फार मोठा आहे. एकाच आडनावाची पाच कुटुंबं एका गावात असतात, आईच्या माहेरच्या आडनावाने ती वेगळी करता येतात आणि त्यासाठी एकही दाखला विकत घ्यावा लागत नाही.

सूचीत तिमाही दिलेली असते, आणि ती नोंद केल्याची तिमाही, घटनेची नव्हे. जन्माची नोंद करायला सहा आठवडे मिळायचे म्हणून डिसेंबरातलं बाळ मार्चच्या तिमाहीत, म्हणजे पुढच्या सालात दिसू शकतं. १८७५ च्या आधी नोंद न केल्याबद्दल आईबापांना दंडाची फारशी भीती नव्हती, त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत काही बाळं सुटलेली आहेत, त्यांना बाप्तिस्म्यातच शोधायचं.

लग्नाच्या दाखल्यात नवरा-नवरी दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे असतात, एका कागदात दोन घराण्यांची एकेक पिढी. पहिला दाखला घ्यायचा तर लग्नाचाच घ्या. वय '२१ च्या वर' एवढंच लिहिलेलं असेल तर नाराज होऊ नका, तेव्हा तसंच लिहायचे. आयांची नावं लग्नाच्या नोंदीत मे २०२१ पासून आलीत, इतक्या उशिरा, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं.

सेन्सस, आणि पहिल्या ओळीत 'वाइफ'

नावानिशी उपयोगी पडणारी जनगणना १८४१ ची पहिली, मग दर दहा वर्षांनी, आणि सध्या १९२१ पर्यंतची उघडी आहे कारण शंभर वर्षं ती बंद ठेवतात. १९३१ ची इंग्लंड-वेल्सची १९४२ च्या आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. मधली पोकळी भरायला २९ सप्टेंबर १९३९ चं रजिस्टर आहे, युद्ध सुरू झाल्यावर ओळखपत्रं-रेशनसाठी केलेलं, त्यात पूर्ण जन्मतारखा मिळतात.

१८४१ ची वाचताना लक्षात ठेवा की १५ च्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवायची सूचना होती. मेरी ॲनिंग तेव्हा ४२ वर्षांची, म्हणजे नियमाने ४० लिहिली जायला हवी, आणि कोणी त्या ४० वरून हिशेब केला तर जन्मसाल १८०१ येईल, दोन वर्षांनी चूक. नातं काय ते १८४१ मध्ये लिहिलेलं नसतं आणि जन्मगाव तर नाहीच, याच काउंटीत जन्म की नाही एवढंच. १८५१ पासून नातं आणि जन्माची पॅरिश मिळते, म्हणून १८५१ ची नोंद सापडली की अर्धी लढाई झाली असं समजा.

आता समुद्रकाठच्या गावाची खास गोष्ट. सासूबाईंच्या आजोळचं घर मला सेन्ससमध्ये सापडलं, पण पहिल्या ओळीत 'हेड', म्हणजे कुटुंबप्रमुख, नव्हता, 'वाइफ' होती, धंद्याच्या रकान्यात 'खलाशाची बायको'. मला वाटलं नवरा मेला. तसं असतं तर 'विधवा' लिहिलं असतं ना! पहिल्या ओळीत 'वाइफ' म्हणजे त्या रात्री नवरा जहाजावर होता. बंदरात उभ्या असलेल्या आणि किनाऱ्याजवळच्या जहाजांचे वेगळे तक्ते १८६१ पासून सेन्ससमध्ये आहेत, त्यात जहाजाच्या नावाखाली माणसं लिहिलीत. गावाच्या नावाने शोधलं की ती येत नाहीत, नुसतं नाव-वय आणि जन्मगाव 'लाइम' टाकून पूर्ण देशात शोधायचं. हा नवरा, म्हणजे सासूबाईंच्या आजोळचे पणजोबा, मला वेल्सच्या एका बंदरात सापडले.

उलटा प्रकार १९२१ चा. ती जनगणना एप्रिलमध्ये व्हायची होती, संपाच्या धास्तीने १९ जूनला ढकलली, त्यामुळे समुद्रकाठच्या गावांत त्या रात्री सुट्टीवर आलेले लोक भरपूर मोजले गेले. लाइमच्या पानावर दिसणारं कुटुंब लाइमचंच असेल असं १९२१ मध्ये धरू नका, नातं 'व्हिजिटर' किंवा 'बोर्डर' आहे का ते बघा.

आणि कोस्टगार्ड. १८२२ मध्ये हे दल उभं राहिलं, चोरट्या मालावर नजर ठेवायला, म्हणून माणसं मुद्दाम आपल्या गावापासून लांब नेमायचे, ओळखीपाळखीतून कानाडोळा होऊ नये म्हणून. एका घरात चार मुलं आणि चौघांची जन्मगावं चार काउंट्यांच्या किनाऱ्यांवर असतील तर बाप कोस्टगार्ड असण्याची शक्यता फार. त्यांच्या नेमणुकांची रजिस्टरं लंडनजवळ क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये ॲडमिरल्टीच्या, म्हणजे नौदल खात्याच्या, १७५ क्रमांकाच्या मालिकेत आहेत.

पॅरिशची रजिस्टरं

१८३७ च्या मागे गेलं की चर्चची रजिस्टरं. १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहून ठेवायचं. सगळ्या गावांची तितकी जुनी राहिली नाहीत. डॉर्सेटची रजिस्टरं डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्ट्री सेंटरमध्ये ठेवलीत आणि त्यांचे फोटो ॲन्सेस्ट्री या वर्गणीच्या साइटवर आहेत. वर्गणी भरायच्या आधी जवळच्या पब्लिक लायब्ररीत विचारा, बऱ्याच लायब्रऱ्यांत ॲन्सेस्ट्री फुकट बघता येतं. फॅमिलीसर्च आणि फ्रीरेग या साइट फुकट आहेत. डॉर्सेट ऑनलाइन पॅरिश क्लार्क्स म्हणून स्वयंसेवकांचा उपक्रम आहे, पॅरिशवार पानं आहेत, लाइमचंही आहे, तिथे हाताने उतरवलेल्या नोंदी मिळतात.

पण उतारा बघून थांबू नका, मूळ पानाचा फोटो बघाच. उतरवणारा माणूस समासातली टीप सोडून देतो आणि कित्येकदा सगळं गुपित त्या समासात असतं, 'बुडाला', 'परका', 'गरीब', 'अनौरस'. शिवाय आडनावाचं स्पेलिंग तेव्हा कानाला येईल तसं लिहायचे, ॲनिंगचं ॲनिन, ॲनेन, हॅनिंग काहीही होऊ शकतं, म्हणून आडनाव सैल ठेवून पहिलं नाव आणि साल यावर शोधा.

काळाप्रमाणे रजिस्टर बदलत जातं, ते ओळखता आलं पाहिजे. १७३३ च्या आधी बऱ्याच नोंदी लॅटिनमध्ये, तिथे जेम्सचा याकोबस होतो आणि विल्यमचा गुलिएल्मस. १६४९ ते १६६० राजा नसलेला काळ, तेव्हा रजिस्टरात भोकं सापडतात. १७५२ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून रजिस्टरात १० फेब्रुवारी १७२० लिहिलंय ती आपल्या हिशेबाने १७२१ ची. बाळ लग्नाच्या आधीच जन्मलं असं वाटून मी एका बिचाऱ्या जोडप्याबद्दल भलताच निष्कर्ष काढला होता, गडबड फक्त या कॅलेंडरची होती. १७८३ ते १७९४ प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, गरिबांना माफ, म्हणून नावापुढे गरीब असल्याची खूण दिसली तरी घर खरंच तितकं गरीब असेल असं नाही. १८१३ पासून छापील तक्ते आले, बाप्तिस्म्यात बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण, दफनात वय आणि ठिकाण. दफनाच्या रजिस्टरात तारीख दफनाची असते हेही लक्षात ठेवा. मेरी ॲनिंग ९ मार्चला गेली आणि सेंट मायकेलच्या आवारात १५ मार्चला पुरली, सहा दिवसांचं अंतर.

दफनाचं 'ठिकाण' समुद्रकाठी फार महत्त्वाचं. डॉक्टर लोक आजारी माणसांना समुद्राची हवा खायला पाठवायचे, काही इथेच जायचे, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाचं दफन लाइमला सापडतं. तुमचा पूर्वज लंडनच्या किंवा बाथच्या दफनात मिळत नसेल तर किनाऱ्यावरच्या गावांत बघा.

मूळ पान फाटलं किंवा ओलीने गेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवायच्या प्रती असतात, १५९८ पासून ती पद्धत आहे. डॉर्सेट आधी सॉल्झबरीच्या बिशपकडे, १५४२ ते १८३६ ब्रिस्टलकडे, मग परत सॉल्झबरीकडे, म्हणून प्रती एका जागी मिळत नाहीत. सॉल्झबरीचं दफ्तर चिपनमच्या विल्टशायर अँड स्विंडन हिस्ट्री सेंटरमध्ये आहे.

चर्चमध्ये नाही? मग चॅपलमध्ये

इथे सगळ्यात जास्त लोक हार मानतात. सेंट मायकेलच्या रजिस्टरात बाळ नाही म्हणजे बाळच नाही असं धरतात. मेरी ॲनिंगचा बाप्तिस्मा तुम्ही सेंट मायकेलमध्ये शोधलात तर मिळणार नाही, कारण तिचं कुटुंब डिसेंटर होतं, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड न मानणारं. तिचा बाप्तिस्मा इंडिपेंडंट नावाच्या डिसेंटर पंथाच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात झाला. ती इमारत कूम स्ट्रीटवर आजही आहे.

अशा चॅपलांची रजिस्टरं १८३७ नंतर सरकारने मागवून घेतली, ती नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत, 'आरजी' गटातली चौथी आणि आठवी मालिका म्हणून ओळखली जातात, आणि फोटो ऑनलाइन बघता येतात. इंडिपेंडंट, बॅप्टिस्ट, क्वेकर, मेथडिस्ट, सगळ्या पंथांच्या रीती वेगळ्या. बॅप्टिस्ट तर बाळांचा बाप्तिस्माच करत नाहीत, त्यांच्याकडे जन्माची नोंद शोधायची.

पण मेरीच्या आईबापांचं लग्न १७९३ साली ब्लँडफर्डला झालं ते पॅरिश चर्चच्या रीतीनेच. कारण १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर आणि ज्यू सोडले तर बाकी सगळ्यांना कायदेशीर लग्नासाठी चर्च ऑफ इंग्लंडमध्येच जावं लागायचं, श्रद्धा काही का असेना. म्हणजे असं होतं की एकाच कुटुंबाचं लग्न चर्चच्या पुस्तकात, मुलं चॅपलच्या पुस्तकात आणि दफन परत चर्चच्या आवारात. लग्न मिळालं आणि पुढे एकही मूल मिळत नाही अशी अवस्था आली की चॅपलकडे वळा. आणि ब्लँडफर्ड का, तर नवरीचं गाव ते. लग्न बहुतेक वेळा नवरीच्या पॅरिशमध्ये व्हायचं.

या कुटुंबाचा आणखी एक धडा आहे, तो वाचताना मला थांबावं लागलं. ॲनिंग जोडप्याला १७९४ मध्ये पहिली मुलगी झाली, तिचं नाव मेरी. १७९८ च्या डिसेंबरात, चार वर्षांची असताना, कपड्यांना आग लागून ती गेली. पाच महिन्यांनी जी मुलगी झाली तिला त्यांनी तेच नाव दिलं. जगाला ठाऊक असलेली मेरी ॲनिंग ती ही दुसरी. दहा मुलांतली फक्त ती आणि भाऊ जोसेफ मोठे झाले. त्या काळात गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देणं सर्रास चालायचं, म्हणून बाप्तिस्मा सापडला की लगेच झाडाला चिकटवू नका, त्याच नावाचं दफन पुढच्या दहा वर्षांत आहे का ते आधी बघा. एका नावाचे दोन बाप्तिस्मे एकाच आईबापांचे दिसले तर पहिलं मूल गेलंय असंच बहुतेक वेळा निघतं.

ती आगीची बातमी छापली होती बाथ क्रॉनिकल या पेपरने, म्हणजे दुसऱ्या काउंटीतल्या, आणि त्यात मुलीचं नावच नव्हतं, लाइमचे कॅबिनेटमेकर मिस्टर आर. ॲनिंग यांचं चार वर्षांचं मूल असं होतं. म्हणून ब्रिटिश न्यूजपेपर अर्काइव्हमध्ये शोधताना माणसाचं पहिलं नाव टाकू नका, आडनाव, धंदा आणि गाव टाका, आणि स्थानिक पेपरपुरतं मर्यादित ठेवू नका.

समुद्राने नेलेले, समुद्राने आणलेले

१८०७ च्या डिसेंबरात ॲन्सन नावाची युद्धनौका कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर फुटली. वाहून आलेली प्रेतं ज्या तऱ्हेने मातीआड केली त्यावर संताप झाला आणि १८०८ मध्ये कायदा आला की किनाऱ्याला लागलेलं प्रेत त्या पॅरिशच्या आवारात नीट पुरायचं. त्याच्या आधी अशी माणसं कड्यावर किंवा वाळूतच पुरत, नोंद न करता. म्हणजे १८०८ च्या आधी बुडालेला माणूस दफनाच्या रजिस्टरात नसला तर नवल नाही, आणि नंतरचा असला तर तो स्वतःच्या गावात नाही, लाटांनी जिथे टाकला तिथल्या पुस्तकात असेल, कित्येकदा नावाशिवाय, 'एक खलाशी, किनाऱ्यावर सापडलेला' असा.

इथे आपला धागा लागतो. १८१५ च्या मार्चमध्ये अलेक्झांडर नावाचं जहाज मुंबईहून लंडनला येताना डॉर्सेटच्या चेझिल बीचवर, वाइक रीजिस गावाजवळ फुटलं. जहाजावरची जवळजवळ सगळी माणसं गेली, वाचले ते मोजके लस्कर, म्हणजे इंग्रजी जहाजांवरचे आशियाई खलाशी. वाइक रीजिसला त्या जहाजाचं स्मारक आहे. त्यातल्या एका बाईचं प्रेत लाइमच्या किनाऱ्याला लागलं आणि ते पंधरा वर्षांच्या मेरी ॲनिंगला सापडलं, ती त्यावर फुलं वाहायची असं सांगतात. प्रवाशांची नावं मिळतात. लस्करांची नावं इथल्या पुस्तकांत क्वचितच मिळतात, आणि मुंबई बंदरातून चढणाऱ्या लस्करांत आपल्या कोकणपट्टीची माणसं किती असायची हे ठाऊक असल्यावर ते रिकामे रकाने बघवत नाहीत.

याच वाटेने उलटं गेलेलं माणूस शोधायचं असेल, म्हणजे लाइमचा कोणी मुंबईला, पुण्याला किंवा दापोलीच्या कॅम्पात वारला असेल, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये मुंबई इलाख्याचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एन-३ या मालिकेत आहेत, फाइंडमायपास्ट या साइटवर बघता येतात. 'फिबिस' ही ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांचा शोध घेणारी सोसायटी, तिचा डेटाबेस फुकट आहे.

व्यापारी जहाजांच्या खलाशांसाठी क्रू लिस्ट, म्हणजे जहाजावरच्या माणसांच्या याद्या, बघा. १८६० पर्यंतच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये, पण १८६३ ते १९३८ मधल्या साधारण ७० टक्के याद्या कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत गेल्यात, त्यांच्याकडून प्रत मागवता येते. आधी जहाजाचं नाव लागतं, ते सेन्ससच्या जहाज-तक्त्यातून किंवा पेपरमधून काढायचं. १८४५ ते १८५३ दरम्यान खलाशांना नोंदणीचं तिकीट काढावं लागायचं, त्या नोंदीत उंची, केसांचा रंग, अंगावरचं गोंदण असं लिहिलेलं असतं, फोटो नसलेल्या काळातल्या पूर्वजाचा चेहराच एक प्रकारे.

गरीब-मदत आणि मृत्युपत्रं

मेरीचे वडील १८१० मध्ये गेले, मागे १२० पौंडांचं कर्ज ठेवून, आणि कुटुंबाला पॅरिशची मदत घ्यावी लागली. गरीब माणसाचं दफ्तर श्रीमंतापेक्षा कमी असतं असं वाटतं, या बाबतीत उलट आहे. १६६२ च्या कायद्याने प्रत्येकाची एक 'हक्काची' पॅरिश ठरायची, मदत मागायला आलं की साक्ष घ्यायचे, जन्म कुठला, नोकरी कुठे केली, लग्न कुठे झालं, मुलं किती. अशी साक्ष मिळाली तर माणसाचं अख्खं आयुष्य एका पानावर मिळतं. ओव्हरसीयरचे, म्हणजे पॅरिशची गरीब-मदत बघणाऱ्या माणसाचे हिशेब, हद्दपारीचे हुकूम, गरीब मुलांचे शिकाऊ करार हे सगळं काउंटीच्या दफ्तरखान्यात, कॅटलॉगमध्ये पॅरिशच्या नावाखाली शोधा. १८३४ नंतर मात्र पॅरिशऐवजी युनियन, म्हणजे परत ॲक्समिन्स्टर, आणि मग डेव्हनचं दफ्तर बघावं लागतं.

मृत्युपत्रं १२ जानेवारी १८५८ नंतरची एकाच राष्ट्रीय सूचीत. आधीची चर्चच्या कोर्टांत, आणि लाइमचं तर हॅलस्टॉकबरोबर जोडलेलं स्वतंत्र छोटं कोर्ट होतं, म्हणून नेहमीच्या ठिकाणी मिळत नाहीत. दर्यावर्दी माणसाचं मृत्युपत्र बरेचदा कँटरबरीच्या मोठ्या कोर्टात असतं, ते नॅशनल अर्काइव्हजच्या साइटवर नावाने शोधा. घराणं अपलाइमचं असेल तर तयारी ठेवा, एक्झिटरला ठेवलेली डेव्हनची मृत्युपत्रं १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली.

प्रत्यक्ष जाताना

डॉर्चेस्टरला जायच्या आधी कॅटलॉगमधून कागदांचे नंबर काढून ठेवा, ओळखपत्र न्या, पेन चालत नाही, पेन्सिल लागते. जुनं हस्ताक्षर वाचायचा नॅशनल अर्काइव्हजचा फुकट ऑनलाइन धडा आहे, तो आधी करा, दोन संध्याकाळी पुरतात. लाइमचं म्युझियम ॲनिंग कुटुंबाच्या घराच्या जागेवरच उभं आहे, तिथे स्थानिक इतिहासावर केलेलं संशोधन बघायला मिळतं.

थडग्यांसाठी सकाळची किंवा संध्याकाळची तिरपी उन्हं धरा, अक्षरं तेव्हाच उठून दिसतात. खडू, फेस, ब्रश काही लावू नका, खाऱ्या वाऱ्याने दगड आधीच सुटलेला असतो. ऊन नसेल तर बाजूने टॉर्च धरायचा. दगडाच्या चारी बाजू आणि शेजारचे दगडही टिपा. मेरी ॲनिंगच्या दगडावर जोसेफचं नाव आहे आणि त्याच्या तीन तान्ह्या मुलांचंही. लोक तिथे शिंपले आणि जीवाश्म ठेवून जातात. नंतरची दफनं चारमथ रोडवरच्या सिमेट्रीत, तिथे ती यादी वेगळी मागायची.

सासूबाईंना आम्ही एप्रिलमध्ये घेऊन गेलो. वेल्सच्या बंदरात सापडलेल्या पणजोबांचं दफन लाइमला मिळत नाहीये, बायको पुढच्या सेन्ससमध्ये विधवा आहे, म्हणजे मधल्या दहा वर्षांत ते गेले. ॲक्समिन्स्टरच्या मृत्यूसूचीत नाहीत, मी दोनदा बघितलं. आता चेझिल बीचपासून पश्चिमेकडे एकेक पॅरिशचं दफनाचं रजिस्टर बघतेय, ॲबट्सबरी झालं, बर्टन ब्रॅडस्टॉक चालू आहे, आणि नाव नसलेल्या प्रत्येक खलाशाची तारीख एका वहीत उतरवतेय.